विज्ञानाची ओसरी : टोकावरचा लेप किती जाड असावा?

मागच्या अंकात आपण फील्ड एमिशनची ओळख करून घेतली. पदार्थ न तापवता, नुसत्या प्रबळ विद्युतक्षेत्राच्या जोरावर त्यातून इलेक्ट्रॉन बाहेर काढायचे, असा हा प्रकार. पृष्ठभागापाशी इलेक्ट्रॉनला अडवणारा ऊर्जेचा अडथळा असतो. क्षेत्र पुरेसं तीव्र झालं की तो अडथळा एक-दोन नॅनोमीटर इतका अरुंद होतो आणि इलेक्ट्रॉन त्याच्या माथ्यावरून न जाता आरपार निसटतो; यालाच टनेलिंग म्हणतात. राल्फ फाउलर आणि लोथर नॉर्डहाइम यांनी १९२८ साली याचं गणित मांडलं. त्यासाठी दर मीटरला काही अब्ज व्होल्ट इतकं क्षेत्र लागतं. एवढं क्षेत्र सपाट पत्र्यावर उभं करणं अशक्यप्राय, म्हणून सुईसारखी टोकं हवीत, आणि म्हणूनच नॅनोट्यूब, नॅनोरॉड या अतिसूक्ष्म नळ्या-काड्यांना इतकं महत्त्व आलं.

लेखाच्या शेवटी मी एकच वाक्य लिहिलं होतं: या टोकांवर योग्य लेप दिला तर उत्सर्जन सुधारतं. जवळजवळ सगळी पत्रं त्या एका वाक्यावर आली. वर्धा, यवतमाळ, वाशीमपासून मेळघाटापर्यंतच्या वाचकांनी इतकं बारकाईनं विचारलं आहे की हा अख्खा अंक लेपालाच देते.

प्रश्न : मॅडम, मी एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रकल्पासाठी एफटीओच्या (वीजवाहक थर दिलेल्या) काचेवर झिंक ऑक्साइडचे नॅनोरॉड वाढवले. झिंक नायट्रेट आणि हेक्सामिनच्या द्रावणात, ९० अंशांवर. सर म्हणतात, यावर लेप दे, फील्ड एमिशन वाढेल. शोधनिबंध वाचले तर कुणी सोनं लावलंय, कुणी लँथेनम हेक्साबोराइड, कुणी मॅग्नेशियम ऑक्साइड, कुणी ग्राफीन. सगळ्यांचंच सुधारलं आहे. मग विश्वास कशावर ठेवायचा आणि मी काय लावू?
*— एक विद्यार्थिनी, दारव्हा, जि. यवतमाळ*

उत्तर : बेटा, विश्वास कशावर ठेवायचा हे तू विचारलंस, याचा मला फार आनंद झाला. ते सगळे निकाल खरे असू शकतात, पण प्रत्येकामागचं कारण वेगळं असतं. कारण न पाहता लेप निवडला तर प्रकल्प नशिबावर जातो.

आधी हे लक्षात घे की लेप इलेक्ट्रॉन पुरवत नाही. इलेक्ट्रॉन पॉवर सप्लायमधून येतात, एफटीओच्या थरातून जातात, रॉडच्या बुडातून शिरतात आणि टोकापर्यंत चढतात. लेपाचं काम शेवटच्या काही नॅनोमीटरपुरतं. रॉडची मुळी काचेवर धड बसलेली नसेल, बोट फिरवल्यावर पांढरी भुकटी हाताला लागत असेल, तर वर काहीही लाव, उपयोग व्हायचा नाही. तेव्हा आधी झिंक ॲसिटेटचा बीजथर नीट दिला आहेस का ते बघ.

आता त्या शेवटच्या नॅनोमीटरचा हिशोब. अडथळ्याची उंची म्हणजे वर्क फंक्शन. झिंक ऑक्साइडचं साधारण ५.३ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, कार्बन नॅनोट्यूबचं ५ च्या आसपास, टंगस्टनचं ४.५, लँथेनम हेक्साबोराइडचं २.७ आणि सीझियमचं २.१. फाउलर-नॉर्डहाइमच्या सूत्रात प्रवाह ज्या ऋण घातांकावर अवलंबून असतो त्यात वर्क फंक्शनचा दीडवा घात अंशात येतो आणि टोकावरचं क्षेत्र छेदात. त्यामुळं वर्क फंक्शन थोडं उतरलं तरी प्रवाह कितीतरी पटींनी वाढतो. पण क्षेत्र थोडं उतरलं तर तो तितक्याच वेगानं कोसळतो, आणि नेमका याचाच विसर पडतो.

तुझ्या नॅनोरॉडवरच करून पाहू. रॉडची उंची २ मायक्रोमीटर, टोकाची त्रिज्या २० नॅनोमीटर धर. उंची भागिले त्रिज्या, १००. ढोबळमानानं टोकावरचं क्षेत्र बाहेरच्या क्षेत्राच्या तितके पट असतं; हाच वाढीचा गुणक. समज, टोकावर दर नॅनोमीटरला ५ व्होल्ट मिळाले. आता असा लेप दिला की वर्क फंक्शन ५.३ वरून ४ वर आलं. लेपाला जाडीच नाही असं क्षणभर धरलं तर सूत्र म्हणतं, प्रवाह सुमारे ४०० पट होईल.

पण लेपाला जाडी असते. २ नॅनोमीटरचा लेप दिला तर त्रिज्या २२ होते, गुणक १०० वरून ९१ वर येतो आणि ४०० पटींतून साधारण ११५ पट हाती राहतात. तेही पुष्कळच. तोच लेप १० नॅनोमीटरचा बसला तर त्रिज्या ३०, गुणक ६७, आणि प्रवाह लेप नसतानाच्या प्रवाहापेक्षाही थोडा खाली! पदार्थ तोच, वर्क फंक्शन तेवढंच उतरलेलं, फक्त ८ नॅनोमीटर जास्तीचे. सगळी मिळकत त्या आठांत गेली.

हे गणित सोपं करून मांडलेलं आहे. पृष्ठभागाजवळच्या प्रतिमा-प्रभाराची दुरुस्ती यात नाही, आणि खऱ्या रॉडचं टोक कधी षट्कोनी, कधी तुटकं असतं. तरी दिशा हीच आहे. एक्सेलमध्ये स्वतः मांडून बघ: वर्क फंक्शन इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये आणि क्षेत्र व्होल्ट प्रति नॅनोमीटरमध्ये घेतलंस तर घातांकातला स्थिरांक ६.८३ येतो. घातांकाच्या आधी क्षेत्राचा वर्ग भागिले वर्क फंक्शन असतं, तेही विसरू नकोस. एका संध्याकाळचं काम आहे, आणि लेप देण्याआधी ते केलेलं असलं की तोंडी परीक्षेत कुणी तुला अडवू शकणार नाही.

आता तू वाचलेल्या लेपांकडे वळू. सोन्याचं वर्क फंक्शन ५.१ च्या घरात, म्हणजे तुझ्या झिंक ऑक्साइडपेक्षा फार खाली नाही. मग सोन्यानं फायदा झाला तर तो अडथळा उतरल्यानं फारसा नसतो. सोन्याचे बारीक कण रॉडच्या अंगावर नवी टोकं तयार करतात, पृष्ठभागावरून वहन सुधारतं आणि सोनं गंजत नाही. लँथेनम हेक्साबोराइड खरोखर अडथळा उतरवतं आणि कठीणही आहे, पण त्याचा पातळ, नीट स्फटिकी थर द्यायला स्पटरिंग (आयनांच्या माऱ्यानं पदार्थ उडवून लेप बसवणं) किंवा लेझरची सोय लागते; द्रावणात बुडवून तो बसणार नाही. सीझियम सगळ्यांत खाली उतरवतं, पण हवेच्या ओलाव्याशी भडकून रासायनिक क्रिया करतं, म्हणून त्याचा विचार इथं नकोच. मॅग्नेशियम ऑक्साइड, बोरॉन नायट्राइड, हिरा हे वेगळ्या जातीचे: हे विद्युतरोधक. त्यांच्या वहन-पट्टीची (म्हणजे इलेक्ट्रॉन मोकळेपणानं फिरू शकतात त्या ऊर्जेची) पातळी निर्वाताच्या पातळीच्या, म्हणजे बाहेर सुटलेल्या इलेक्ट्रॉनच्या ऊर्जेच्या, जवळ असते. हायड्रोजननं झाकलेल्या हिऱ्यात तर ती निर्वाताच्याही वर जाते, म्हणजे तिथवर पोचलेल्या इलेक्ट्रॉनला बाहेर पडायला अडथळाच उरत नाही. अडचण वेगळीच: आतल्या रॉडमधून इलेक्ट्रॉननं त्या पट्टीत शिरायचं कसं? थर काही नॅनोमीटरचा असेल तर तो टनेलिंगनं शिरतो. थर जाड असेल तर इलेक्ट्रॉन मधेच अडकतात, लेपावर प्रभार साठतो आणि साठलेला प्रभार मागून येणाऱ्यांना थोपवतो.

तुझ्याकडच्या सोयी पाहता मी मॅग्नेशियम ऑक्साइड सुचवेन. मॅग्नेशियम ॲसिटेटच्या अगदी विरळ द्रावणात बुडवायचं, वाळवायचं आणि मफल फर्नेसमध्ये तापवायचं. एकदा बुडवलेला, दोनदा बुडवलेला आणि पाचदा बुडवलेला, असे तीन नमुने कर. आणि चौथा, बिनलेपाचा, त्याच दिवशी त्याच भांड्यात वाढलेला. या चौथ्यालाही फर्नेसमध्ये तेवढाच वेळ तेवढंच तापव. झिंक ऑक्साइड नुसतं तापवलं तरी त्यातले ऑक्सिजनचे दोष बदलतात, वहन बदलतं आणि उत्सर्जनही बदलतं. न तापवलेल्या नमुन्याशी तुलना केलीस तर फरक लेपाचा की भट्टीचा, हे कुणालाच सांगता येणार नाही. छापून आलेल्या कामांतही हा चौथा नमुना मला पुष्कळदा दिसत नाही, आणि त्याची मला खंत वाटते.

मोजमापात आणखी एका ठिकाणी जपायला हवं. फाउलर-नॉर्डहाइम आलेखाचा उतार वर्क फंक्शन आणि वाढीचा गुणक या दोघांवर मिळून ठरतो. एका उतारावरून दोन अज्ञात राशी निघत नाहीत. लेपानंतर वर्क फंक्शन ५.३ च धरून कुणी 'गुणक वाढला' म्हणतं, गुणक तोच धरून दुसरं कुणी 'वर्क फंक्शन उतरलं' म्हणतं. निर्णय करायचा तर वर्क फंक्शन केल्विन प्रोबनं किंवा अतिनील प्रकाशाच्या फोटोइलेक्ट्रॉन स्पेक्ट्रोस्कोपीनं वेगळं मोजावं लागतं. टर्न-ऑन फील्डचंही, म्हणजे उत्सर्जन सुरू झालं असं मानतात त्या क्षेत्राचंही, तसंच. बरेच लोक दर चौरस सेंटिमीटरला १० मायक्रोॲम्पिअर प्रवाह मिळाला की ते क्षेत्र टर्न-ऑन मानतात, काहीजण १ मायक्रोॲम्पिअरलाच मानतात. वेगवेगळ्या निबंधांतले आकडे एका तक्त्यात बसवताना आधी हे तपासून घे.

तुझे रॉड दाट वाढले असतील, पावसाळ्यातल्या गवतासारखे, तर शेजारचे रॉड एकमेकांचं क्षेत्र झाकतात. दोन टोकांमधलं अंतर उंचीच्या साधारण दुप्पट असलं तर सगळ्यांत बरं. द्रावणात इतकं विरळ वाढवणं कठीण, हे मला माहीत आहे. पण लेपामुळं ही दाटी आणखी भरून येते, आणि द्रावण वाळताना पृष्ठताणानं बारीक रॉड एकमेकांना चिकटून त्यांचे झुबके होतात, एवढं ध्यानात ठेव. लेपाआधीचा आणि नंतरचा एसईएम (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपचा) फोटो तेवढ्याच पटीनं मोठा करून काढ आणि शेजारी-शेजारी लाव.

प्रश्न : मॅडम, मी हिंगणघाटले रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान चालवत होतो. जुन्या रेडिओतल्या काचेच्या व्हॉल्व्हच्या मधात बारीक नळी राहे, तिच्यावर पांढरं काहीतरी लिपलेलं राहे. पिक्चर ट्यूबच्या गनमधीही तेच. ते झडलं का व्हॉल्व्ह गेला समजा. अन् काचेच्या डोक्यावर आतून चांदीसारखा डाग राहे, तो पांढरा झाला तरी व्हॉल्व्ह गेला. तुमी म्हणता तो लेप हाच काय? मंग त्याच्यात नवं काय हाय?
*— एक जुने मेकॅनिक, हिंगणघाट, जि. वर्धा*

उत्तर : काका, या विषयाचा खरा इतिहास तुमच्या हातून गेलेला आहे. पुस्तकातून शिकलेल्या आम्हा मंडळींनी तो लेप असा बोटांनी कधी पाहिला नाही.

तो पांढरा लेप म्हणजे बेरियम आणि स्ट्रॉन्शियमची ऑक्साइडं, कधी थोडं कॅल्शियमही. कारखान्यात निकेलच्या नळीवर त्यांची कार्बोनेटं फवारत. मग हवा काढता काढता नळी तापवली की कार्बन डायऑक्साइड निघून जाई आणि ऑक्साइडं उरत. आर्थर वेनेल्ट या जर्मन शास्त्रज्ञानं १९०३-०४ च्या सुमारास असल्या ऑक्साइडांचा हा गुण शोधला. नुसत्या टंगस्टनला इलेक्ट्रॉन सोडायला दोन हजार अंशांच्याही वर तापावं लागतं. हा लेप असला की सातशे-आठशे अंशांवर, लालसर उजेडातच काम होतं, कारण अडथळा ४.५ वरून दीड-एक इलेक्ट्रॉन-व्होल्टपर्यंत उतरतो. म्हणूनच तुमच्या व्हॉल्व्हचं हीटर थोड्या विजेवर निवांत चालायचं.

कमजोर पिक्चर ट्यूबचं हीटर थोडा वेळ जास्त व्होल्टवर चालवून तिला पुन्हा उजेडात आणायची युक्ती तुमच्या धंद्यातल्या लोकांना ठाऊक होती. त्यात काय घडायचं? जास्त उष्णतेनं लेपाच्या आतलं ताजं बेरियम वर यायचं आणि मेलेला पृष्ठभाग काही महिने पुन्हा जिवंत व्हायचा. लेप कसा मरतो आणि कसा जगवायचा, यावर आज प्रयोगशाळांत जे संशोधन चालतं ते याच वाटेनं पुढं गेलेलं आहे.

काचेवरचा चांदीचा डाग म्हणजे गेटर, तोही बेरियमचाच. आत उरलेला वायू तो गिळायचा. डाग पांढरा झाला याचा अर्थ हवा शिरली आणि बेरियमचं ऑक्साइड झालं.

मग नवं काय? तुमचा कॅथोड (इलेक्ट्रॉन सोडणारा भाग) तापत होता, नॅनोरॉडचा कॅथोड थंड असतो. तापलेल्या कॅथोडचा लेप दहा-वीस मायक्रोमीटर जाड असला तरी चालायचा. तिथं टोक नव्हतं, त्यामुळं टोक बोथट व्हायचा प्रश्न नव्हता. इथं दोन आणि दहा नॅनोमीटरमध्ये सगळा फरक. शिवाय तापलेल्या पृष्ठभागावरची घाण उष्णतेनं उडून जाते. थंड टोकावर ती बसून राहते.

या दोन्हींच्या मधला एक प्रकारही आहे. आजच्या पुष्कळ इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपांत टंगस्टनची अतिशय बारीक सुई असते, तिच्यावर झिर्कोनियम ऑक्साइडचा थर चढवलेला असतो आणि ती सुमारे १५०० अंशांवर तापवून प्रबळ क्षेत्रात ठेवलेली असते. तेवढ्या लेपानं वर्क फंक्शन ४.५ वरून २.९ च्या आसपास येतं. लेप झिजत जातो तसा दांडीवर ठेवलेल्या साठ्यातून नवा माल सरकत टोकाकडे येत राहतो. तुमच्या बेरियमचीच ही पुढची पिढी. तुमच्याकडे अजून एखादा फुटका व्हॉल्व्ह असेल तर जवळच्या शाळेत देऊन या, काका. पोरांना निकेलची ती नळी बघायला मिळाली पाहिजे.

प्रश्न : आमी पेरणीच्या आधी सोयाबीनच्या बियाले औषध लावतो, मंग रायझोबियम गुळाच्या पाण्यात कालवून चोळतो. माई पोरगी कॉलेजात हाय, ते म्हणते बाबा हे नॅनोच्या लेपासारखंच हाय. खरं हाय का?
*— एक शेतकरी, ता. कारंजा, जि. वाशीम*

उत्तर : भाऊ, पोरीनं बरोबर पकडलं आहे. तुम्ही बियाला लेप देता तेव्हा पीक लेपातून येत नाही, बियातूनच येतं. लेप बियाच्या वरच्या पातळ पापुद्र्यापाशी काम करतो: बुरशी रोखतो, जिवाणू मुळीपाशी नेऊन सोडतो. गुळाचं पाणी जास्त दाट झालं तर दाणे एकमेकांना चिकटून गोळे होतात आणि पेरताना अडतात. दारव्ह्याच्या मुलीच्या नॅनोरॉडचेही असेच झुबके होतात, फक्त तिथं कारण वाळत्या द्रावणाचा पृष्ठताण. सोयाबीनचं टरफल नाजूक, जोरानं चोळलं की सुटतं आणि मग उगवण घटते. नॅनोट्यूबवरही तेच: लेप देताना प्लाझ्मा किंवा स्पटरिंगचा मारा जास्त झाला तर आतली नळीच खराब होते. तुम्ही बी सावलीत वाळवता, इथंही वाळवणं सावकाश करावं लागतं.

पण पुढं दोघांची वाट वेगळी. तुमचा लेप आठ-पंधरा दिवस टिकला, बी उगवलं, की त्याचं काम झालं. कॅथोडवरचा लेप हजारो तास टिकायला हवा. तिथं त्याच्यावर सतत मारा होत असतो. निर्वात कितीही चांगला केला तरी थोडे वायूचे रेणू उरतातच. बाहेर पडलेले इलेक्ट्रॉन त्यांच्यावर आदळून त्यांचे धन आयन करतात आणि ते आयन वेगानं मागं येऊन नेमके टोकावर आपटतात. त्या माऱ्यानं लेप झिजतो, प्रवाह खाली-वर होतो, कधी टोकच तुटतं. म्हणून लेपाची पारख करताना मी आधी तो किती तास एकसारखा प्रवाह देतो ते बघते, टर्न-ऑन फील्ड किती उतरलं ते नंतर. व्होल्टेज तेच ठेवून प्रवाहाची नोंद तासन्‌तास घेतलेली असते तो आलेख निबंधात नसेल तर माझ्या लेखी काम अर्धंच झालेलं आहे. थोडंसंच सुधारणारा पण घट्ट बसणारा लेप मला शंभरपट सुधारून दुसऱ्या दिवशी गळणाऱ्या लेपापेक्षा केव्हाही चालेल.

पोरीला शिकू द्या भाऊ, पुढंही.

प्रश्न : आमच्याकडे क्षयरोगाच्या तपासणीसाठी हातात धरायचं एक्स-रे यंत्र गावात आणतात. थंड कॅथोडचं यंत्र आलं तर आमच्यासारख्या डोंगरातल्या गावांना काय फरक पडेल? किरणांचा धोका कमी होईल का?
*— एक आरोग्यसेविका, ता. धारणी, जि. अमरावती*

उत्तर : ताई, धोक्याचं आधी सांगते, कारण त्यात गैरसमज नको. एक्स-रे तयार होतात ते इलेक्ट्रॉन धातूवर आपटल्यावर. इलेक्ट्रॉन गरम तारेतून आले की थंड टोकातून, किरण तेच. त्यामुळं अंतर ठेवणं, शिशाचा एप्रन, समोर कुणी उभं नसणं, यातलं काहीही सैल करायचं नाही.

फरक दुसरीकडे पडतो. १९१३ साली विल्यम कूलिज यांनी तापलेल्या टंगस्टन तारेची एक्स-रे नळी केली, आणि बहुतेक यंत्रं अजून त्याच पद्धतीवर चालतात. तार तापायला वेळ आणि वीज लागते. थंड कॅथोड बटणासरशी चालू आणि बंद होतो. अनेक छोटे स्रोत शेजारी-शेजारी बसवून वेगवेगळ्या कोनांतून प्रतिमा घेता येतात, नळी फिरवावी लागत नाही. कार्बन नॅनोट्यूबच्या कॅथोडची अशी यंत्रं तयार झालेली आहेत. ती सगळीकडे पोचलेली नाहीत, याची मोठी कारणं म्हणजे किंमत आणि वर सांगितलेलं टिकाऊपण. लेपाचा प्रश्न शेवटी तुमच्या गावापर्यंत येतो तो असा.

प्रश्न : मी पदवी महाविद्यालयात शिकवतो. आमच्याकडे हवा काढायचा रोटरी पंप आहे, जुना डिफ्यूजन पंप आहे, दोन हजार व्होल्टचा सप्लाय आहे. लेप दिलेल्या नमुन्याचं फील्ड एमिशन आम्ही इथंच मोजू शकू का? विद्यार्थ्यांना काही खरं करून दाखवावं असं वाटतं.
*— एक प्राध्यापक, मूल, जि. चंद्रपूर*

उत्तर : सर, खरं काम आपल्याकडे नक्की होऊ शकतं, फक्त कोणतं काम इथं आणि कोणतं बाहेर, हे आधी ठरवून घ्या.

नुसत्या रोटरी पंपावर मोजमाप करू नका. तो एक सहस्रांश टॉरच्या (टॉर हे दाबाचं एकक) आसपास थांबतो. तेवढ्या वायूत विजेचा विसर्ग होऊन प्रवाह दिसू शकतो आणि विद्यार्थी त्यालाच फील्ड एमिशन समजतील. डिफ्यूजन पंप चांगला असेल तर तो एक दशलक्षांश टॉरपर्यंत नेईल. पण या दाबालाही, येऊन धडकणारा प्रत्येक रेणू चिकटला असं धरलं, तर स्वच्छ पृष्ठभागावर वायूचा एक थर साधारण एका सेकंदात बसतो! म्हणजे तुम्ही मुद्दाम लेप दिला नाही तरी लेप बसतोच, तुम्हाला नको असलेला. पाण्याची वाफ नॅनोट्यूबच्या टोकावर बसली तर काही काळ प्रवाह वाढतोसुद्धा, आणि प्रवाह वाढवल्यावर ती उडाली की तो खाली येतो. म्हणून पहिल्या फेरीचा आलेख कधीच अंतिम धरू नये. व्होल्टेज वर-खाली करत आलेख एकावर एक बसेपर्यंत फेऱ्या घ्याव्यात. विश्वासानं मोजायचं तर दाब आणखी शंभरपट खाली, एक टॉरच्या दहा कोटीव्या भागापर्यंत न्यावा लागतो, आणि त्यासाठी चांगली प्रयोगशाळा गाठलेली बरी. पुण्यात सावित्रीबाई फुले विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात फील्ड एमिशनवर अनेक वर्षांचं काम आहे. इंदूरला यूजीसी-डीएईचं संशोधन केंद्र विद्यापीठ-महाविद्यालयांच्या संशोधकांसाठीच आहे. आयआयटी मुंबईच्या सैफमध्ये (बाहेरच्यांनाही उपकरणं वापरू देणाऱ्या केंद्रात) शुल्क भरून एसईएम करून मिळतो.

इथं काय करायचं? नॅनोरॉड वाढवणं, लेप देणं, जाडीची मालिका तयार करणं, सूत्राचं गणित मांडणं. यातलं एकही काम दुय्यम नाही. नमुने नीट तयार असतील, प्रत्येकावर तारीख, तापमान आणि बुडवण्याची संख्या लिहिलेली असेल, तर बाहेरच्या प्रयोगशाळेतले दोन दिवस पुरतात. आपल्याकडची पोरं बाहेर जाऊन रिकाम्या हातानं परततात ती बहुतेकदा नमुन्यांची तयारी कच्ची असल्यानं, बुद्धी कमी असल्यानं नव्हे.

डिफ्यूजन पंपावर सरावासाठी प्रात्यक्षिक करणार असाल तर तीन गोष्टी सांभाळा. नमुना आणि समोरचा धन ॲनोड यांमध्ये अर्धा मिलिमीटर अंतर ठेवलं तर तुमच्या दोन हजार व्होल्टमधून दर मायक्रोमीटरला ४ व्होल्ट मिळतील. चांगल्या टोकांना ते पुरू शकतं. सप्लायच्या वाटेत काही मेगाओहमचा रोधक घाला, म्हणजे ठिणगी पडली तरी नमुना जळणार नाही. आणि आपल्याकडे वीज न सांगता जाते. गेली की थांबलेल्या रोटरी पंपातलं तेल निर्वाताकडे ओढलं जाऊन नळीत चढतं, आणि तापलेल्या डिफ्यूजन पंपाचं थंड पाणी थांबलं तर त्याच्या तेलाची वाफ चेंबरमध्ये पसरते. मग तुमच्या नमुन्यावर तेलाचाच लेप. त्यामुळं रोटरी पंपाच्या तोंडाशी वीज जाताच आपोआप बंद होणारा व्हॉल्व्ह आधी बसवा, आणि मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं तापलेलं पाणी पंपाला देऊ नका. तळमजल्यावरच्या हौदातून छोट्या मोटारीनं फिरवा.